हडळीला कुणी विचारलं?

इंग्रजीत सध्या 'मॉन्स्टर रोमान्स' नावाच्या कादंबऱ्यांची चलती आहे. नावात आहे तेच आत असतं. एक बाजू माणसाची, दुसरी राक्षसाची, परग्रहवासीयाची, नाहीतर बैलाच्या तोंडाच्या मिनोटॉरची, आणि दोघांचं प्रेम. जोडीला फँटसी आणि सायन्स फिक्शन आहेच. गेली दोन-तीन वर्षं मी हे बरंच वाचलं. काही आवडलं, काही अर्ध्यावर टाकून दिलं. 'हे काय भलतंसलतं वाचतेस?' असं विचारणारे घरात आणि बाहेर पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर द्यायचं म्हणून नाही, पण वाचता वाचता लक्षात आलं की हे भलतंसलतं आपल्याकडे फार जुनं आहे. फक्त आपण त्याला रोमान्स म्हणत नव्हतो. भुताची गोष्ट म्हणत होतो.

आमचं खांब म्हणजे रोहा तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. नागोठणं सोडून सुकेळी खिंड उतरलात की कोलाडच्या आधी लागतं. या पट्ट्यात हडळीच्या बायकोपणाची गोष्ट ज्यानं ऐकली नाही असा माणूस विरळा. तुम्हीही ऐकली असेल. एका माणसाला रात्रीच्या वाटेवर हडळ भेटते. तो हुशारी करून तिचा केस किंवा बांगडी काढून घेतो (गावागणिक वस्तू बदलते) आणि लपवून ठेवतो. मग ती त्याच्या ताब्यात. त्याच्याबरोबर घरी येते, नांदते, मुलंबाळंही होतात. घरात बरकत येते. एके दिवशी नवरा जेवायला बसलेला असतो, लिंबू मागतो, आणि ती बसल्या जागेवरून हात लांब करून परसातल्या झाडाचं लिंबू तोडून देते. काही ठिकाणी सांगतात की चुलीत लाकडाच्या जागी पाय घालून ती भाकऱ्या भाजत असते. पुढे कधीतरी तिची वस्तू तिला सापडते आणि ती निघून जाते.

आता ही गोष्ट पुन्हा एकदा वाचून बघा. माणूस, अमानवी स्त्री, संसार, मुलं. मॉन्स्टर रोमान्सला लागणारं सगळं सामान आहे. एकच गोष्ट नाही. हडळीच्या मनात काय होतं ते कुणी सांगत नाही.

ही भुतंखेतं कागदावर कशी आली तोही इतिहास वाचण्यासारखा आहे. ए. एम. टी. जॅक्सन हे नाव आपण शाळेत वाचतो ते वेगळ्या कारणासाठी. नाशिकचा कलेक्टर, २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हा जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता आणि लोकसमजुती गोळा करायचा त्याला नाद होता. त्यानं प्रश्नावल्या तयार करून गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवल्या होत्या. देव कोणते, भुतं किती प्रकारची, नजर कशी उतरवतात, पाऊस पडत नसेल तर काय करतात. मास्तरांनी उत्तरं लिहून धाडली. जॅक्सनच्या मृत्यूनंतर ते कागद आर. ई. एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्यानं लावले, आणि त्यांतला कोकणचा भाग १९१५ साली छापून आला. आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता (नाव बदललं १९८१ मध्ये). कुलाब्यातल्या मास्तरांची उत्तरंही त्यात आहेत.

भुतांची ती यादी मला फार बोलकी वाटते. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. गिऱ्हा पाण्यात बुडून मेलेल्याचा. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा. खवीस आणखी कुणाचा. म्हणजे मेल्यावरही जात सुटत नाही बघा. आणि हडळ? बाळंतपणात, किंवा बाळंत झाल्यावर दहा दिवसांच्या आत गेलेली बाई. पुढून भरलेली, सुंदर, आणि मागून नुसता सापळा.

ते दहा दिवस सोयराचे, हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्यामागे दुसरंही एक वास्तव आहे. ज्याला आपल्याकडे बाळंतरोग म्हणायचे तो जंतुसंसर्गाचा ताप बहुधा याच पहिल्या दहा दिवसांत बाईला गाठतो. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरनं १८४७ साली आपल्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एकदम खाली आले. त्याच्याच हयातीत त्याचं पुष्कळांनी ऐकलं नाही, तर ते कोकणातल्या अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीत कुठून पोचणार? गावात एवढ्या हडळी होत्या, कारण गावात एवढ्या बाळंतिणी मरत होत्या. चिंचेखाली उभी असलेली ती बाई कुणाची तरी सून होती, कुणाची तरी लेक. घरात असताना तिला काय हवं ते विचारलं नाही, आणि मेल्यावर तर तिची भीतीच घातली.

असो. आता छापील कादंबरीकडे येते.

मराठी छापील गद्याच्या अगदी आरंभी एक भूत बसलेलं आहे, आणि ते बोलकं आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० ची. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. न्याय कुणाचा, दोष कुणाचा? विचारणारा राक्षस, उत्तर देणारा राजा. मला ही मांडणी आजही थोर वाटते. त्यातली अदलाबदल झालेल्या मस्तकांची गोष्ट आठवा. एका बाईच्या हातून नवऱ्याचं डोकं दुसऱ्याच्या धडाला लागतं आणि दुसऱ्याचं नवऱ्याच्या. नवरा कोणता? विक्रम म्हणतो, सर्व अवयवांत डोकं श्रेष्ठ, म्हणून डोकं ज्याचं तो नवरा. प्रश्न वेताळाचा, उत्तर राजाचं. ज्या बाईचा नवरा ठरवायचा आहे ती बाजूला उभी.

पुढे १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि मग नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा तो काळ. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकर अरबी गोष्टी मराठीत आणत होते. राजपुत्र, संकटं, योगायोग, शेवटी मीलन. आजच्या फँटसीवर जे आक्षेप घेतात, म्हणजे पात्रं ठोकळेबाज, वर्णनं पाल्हाळिक, शेवट ठरलेला, ते सगळे या कादंबऱ्यांवर घेऊन झालेले आहेत. आणि ते खरेही होते. पण लोक वाचत होते, कारण रोजच्या जगण्यात जे मिळत नाही ते तिथं मिळत होतं.

मग हरिभाऊ आपटे आले. 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येऊ लागली आणि मराठी कादंबरीनं राजवाडा सोडून वाड्यातली माजघरं गाठली. यमू स्वतःच्या तोंडानं स्वतःची हकिगत सांगते. बाईला कथेत 'मी' म्हणू देणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट! हरिभाऊंचे उपकार मोठेच. पण त्याबरोबर एक झालं. अद्भुत म्हणजे पोरकट, वास्तव म्हणजे साहित्य, अशी वाटणी आपल्या डोक्यात पक्की बसली. जिवंतपणी छळ सोसणाऱ्या बाईला वास्तववादानं आवाज दिला. मरून हडळ झालेली तिची बहीण मात्र आजीच्या गोष्टीत राहिली, घाबरवण्यापुरती.

यानंतर अद्भुताला मराठीत शिरायचं तर काहीतरी ओळखपत्र लागू लागलं. विज्ञानकथेकडे ते होतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावानं 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. लेखक होते जयंत नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं, परीक्षकांवर मोठ्या नावाचं दडपण नको म्हणून. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा मी त्यांच्या कथा पुन्हा काढून वाचल्या. कल्पना अजून ताज्या आहेत. पण प्रेम तिथे पाहुण्यासारखं येतं आणि चहा घेऊन जातं. विज्ञान समजावून सांगायची जबाबदारी कथेवर होती, ती तिनं चोख पार पाडली. त्याहून जास्त तिच्याकडे मागणं अन्यायाचं होईल.

दुसरं टोक नारायण धारपांचं (१९२५-२००८). वाचनालयात त्यांची पुस्तकं कधी जागेवर सापडायची नाहीत, एवढी मागणी! मध्यरात्री 'लुचाई' वाचून पाणी प्यायला उठायची हिंमत न झालेले लोक मला माहीत आहेत :-) ती कादंबरी स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली, पण तिची हाडंमांसं मराठी. २०१८ च्या 'तुंबाड' सिनेमालाही धारपांच्या कथेचा आधार होता. धारपांच्या जगात मात्र अमानवी ते अमंगळ. त्याला हुसकून लावायला समर्थ येतात आणि घर पुन्हा शुद्ध होतं. रत्नाकर मतकरींनी गूढकथेतला राक्षस माणसाच्याच मनात बसवला, हे पुढचं पाऊल. पण पलीकडच्याशी संवाद, त्याच्यावर प्रेम, असं काही तिथेही फारसं नाही.

या सगळ्यात एक अपवाद मला आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाकडे सापडला. गिरीश कार्नाड १९३८ मध्ये माथेरानला जन्मले. त्यांचं कन्नड 'हयवदन' १९७१ चं, आणि ते मराठी रंगभूमीवरही आलं. मुख्य कथा तीच, वेताळाच्या बदललेल्या मस्तकांची. फरक असा की इथे पद्मिनीला काय हवं आहे हे नाटक दडवत नाही. आणि त्यात घोड्याच्या तोंडाचा जो हयवदन आहे त्याच्या आईची हकिगत तर ऐकाच. ती राजकन्या. स्वयंवरात तिनं राजपुत्र सोडून एका पांढऱ्या घोड्याला पसंत केलं. सुखानं संसार झाला. मग घोड्याचा शाप सुटला, तो गंधर्व झाला आणि तिला म्हणाला, चल स्वर्गात. ती म्हणाली, पुन्हा घोडा झालास तर येते. त्यानं रागानं तिलाच घोडी करून टाकलं. ती आनंदानं पळून गेली.

राक्षसाचा राजपुत्र झाला की गोष्ट सुखान्त, हा जगभरचा नियम त्या राजकन्येनं मोडला. तिला तो होता तसाच हवा होता. आजच्या मॉन्स्टर रोमान्सचं सगळं सार यात आलं.

मग आजच्या कादंबऱ्या यात कुठे बसतात? तिघींबद्दल सांगते.

रूबी डिक्सनची 'आइस प्लॅनेट बार्बेरियन्स' (२०१५). पळवून नेलेल्या पृथ्वीवरच्या मुली बर्फाळ ग्रहावर अडकतात, तिथे निळे, शिंगवाले पुरुष. जगायचं तर शरीरात एक परोपजीवी घ्यावा लागतो, आणि जोडीदार कोण हेही तोच ठरवतो. वाचायला मजा येते, नायक प्रेमळही आहेत, पण मला सारखा तो लपवलेला केस आठवत होता. शरीरानं होकार दिला म्हणजे मनानं दिला, हे लेखिका फार झटपट गृहीत धरते.

रेबेका यारोसची 'फोर्थ विंग' (२०२३). ड्रॅगनवर बसून लढणाऱ्यांची शाळा. प्रेमकथा माणसामाणसांतली आणि नेहमीचीच. पण ड्रॅगन स्वार निवडतो, स्वार ड्रॅगनला निवडत नाही, ही गंमत चांगली. मला त्यातले ड्रॅगनच जास्त शहाणे वाटले.

तिसरी जॉन विझवेलची 'समवन यू कॅन बिल्ड अ नेस्ट इन' (२०२४), जिला नेब्युला पारितोषिक मिळालं. इथे गोष्टीचा केंद्रबिंदूच राक्षसीण आहे. तिला स्वतःचा आकार नाही, मिळेल त्या हाडांनी, वस्तूंनी ती शरीर उभारते. तिला शोधून मारणाऱ्या घराण्यातल्याच मुलीवर तिचं प्रेम बसतं. किळसवाणं आहे, मधूनच हसू येतं, आणि कित्येक 'वास्तववादी' कादंबऱ्यांपेक्षा त्यात घरातल्या छळाबद्दल जास्त खरं लिहिलेलं आहे. माझ्या मते तिघींत हीच सरस.

आपल्याकडे २०२४ मध्ये आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'मुंज्या' हा हिंदी सिनेमा चालला. कोकण, पिंपळ, लग्नासाठी हटून बसलेला मुंजा. सगळं ओळखीचं, म्हणून मलाही आवडला. पण मुंजाला जिच्याशी लग्न करायचंय ती मुलगी कथेत पळते, किंचाळते, वाचवली जाते. एवढंच.

म्हणून ही पुस्तकं हलकी की भारी, यावर वाद घालण्यात मला फारसा रस नाही. हलकी पुष्कळ आहेत. 'मंजुघोषा'च्या काळीही होती. मी एवढंच बघते की पलीकडच्याला कथेत बोलायची संधी मिळाली का, आणि त्याचा होकार कुणी विचारला का. विझवेलनं विचारलं. कार्नाडांनी त्याच्याही आधी विचारलं.

मराठीत ती कादंबरी अजून मी वाचलेली नाही. चुलीत पाय घालून भाकरी भाजणाऱ्या बाईनं सांगितलेली. तिच्या बाळंतपणाच्या खोलीत त्या दहा दिवसांत काय झालं, वाटेवर केस कुणी काढून घेतला, मुलं झाल्यावर तिला तिथे राहावंसं वाटलं की नाही, आणि बांगडी सापडल्यावर दारातून बाहेर पडताना ती वळून कुणाकडे बघत होती. कुणी लिहिणार असेल तर रोहा-कोलाड पट्ट्यात सामग्री भरपूर आहे. गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्या मात्र दर वर्षी कमी होतायत.