देगलूर तालुक्याचे दोन तुकडे आणि भाभीचा दाखला

माझी भाभी बिचकुंद्याची. आमचे घर देगलूरचे. मधे मदनूर लागते आणि सलाबतपूरचा नाका लागतो. तो ओलांडला की दुकानांच्या पाट्या तेलुगूत दिसू लागतात. बाकी फारसे काही बदलत नाही. तीच काळी माती, तोच कापूस, सोयाबीन आणि तूर. घराघरांत बोलली जाणारी दखनीही तीच.

भाभी लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडे उर्दू माध्यमातून केलेल्या डी.एड.चे प्रमाणपत्र होते आणि बी.सी.-ई.चा जातीचा दाखलाही होता. बी.सी.-ई. म्हणजे तेलंगणातील मुस्लिम मागास गटांचा प्रवर्ग. आम्ही दोन्हीकडचे लोक कुरेशी. माझ्या भावाकडे महाराष्ट्राचा ओबीसी दाखला आहे. त्यामुळे भाभीलाही इथे तसा दाखला मिळेल, असे आम्ही गृहीत धरले होते. कुरेशी जमात तेलंगणाच्या यादीत आहे, तशी महाराष्ट्राच्याही यादीत आहे. मग अडचण कसली?

एका सरकारी कार्यालयात आम्हाला ती अडचण सांगण्यात आली. महाराष्ट्रात ओबीसींसाठी मानीव दिनांक १३ ऑक्टोबर १९६७ आहे. त्या दिवशी किंवा त्याआधी अर्जदाराचे वडील, आजोबा महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. लग्नाने बाईची जात बदलत नाही, म्हणून नवऱ्याचे कागद चालत नाहीत. तिच्या आजोबांचे कागद आणा, असे त्या बाबूने सांगितले. माणूस वाईट नव्हता. त्याने नियम वाचून दाखवला, चहाही पाजला.

आम्ही आजोबांचे कागद शोधले. एक उर्दू उतारा सापडला. त्यावर स्पष्ट लिहिले होते: मौजे बिचकुंदा, तालुका देगलूर, जिल्हा नांदेड.

म्हणजे भाभीचे आजोबा देगलूरचेच. फक्त १९६७ साली नव्हते. हे कसे घडले, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

एक सरकार, अनेक भाषा

१९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी रयत एकाच सरकारची होती आणि सरकारी कारभार उर्दूत चालत असे. वर्ष फसली होते. नाणे 'हाली सिक्का' म्हणजे उस्मानिया रुपया. सात हाली रुपयांचे सहा कलदार होत, आणि कलदार म्हणजे इंग्रजी रुपया. जकातीचे वेगळे खाते होते, त्याला करोडगिरी म्हणत. त्या काळी आमच्या लोकांना सरहद्द आठवायची ती पश्चिमेची, सोलापूर-नगरकडची, इंग्रजी मुलखाची. देगलूरहून बोधन, बिदर किंवा हैदराबादला जाणे म्हणजे घरातल्या घरात फिरणे होते.

त्या राजवटीला सोन्याचा मुलामा देण्याची मला हौस नाही. जहागिरी होत्या, वेठ होती, जमीन कसणाऱ्याच्या नावावर नव्हती. आमच्यासारख्या कसायाच्या घराला त्या राजवटीत मान मिळत होता असेही नाही. सरकार मुस्लिम होते म्हणून गरीब मुसलमान सुखी होता, हा समज त्या काळातील गरीब मुसलमानाला विचारल्याशिवाय तयार झालेला आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली. त्याआधी रझाकारांनी अत्याचार केले होते, त्यानंतर सामान्य मुस्लिमांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्यासोबत नांदेडचे नाव घेतले आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. आमच्या घरात त्या दिवसांबद्दल कोणी फारसे बोलत नसे.

त्यानंतर नियमांची मोठी लाट आली. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या. १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला आणि कसणाऱ्याला हक्क मिळाला. पुढे इनामे गेली, हाली सिक्का चलनातून गेला, दफ्तराची भाषा बदलली. यातले बरेच नियम न्यायाचे होते. कूळ कायद्याने जमीन मिळालेली मुस्लिम कुटुंबेही आहेत. पण ज्यांचे पोट जहागिरीच्या कारकुनीवर, नाक्यावरच्या शिपाईगिरीवर किंवा उर्दू अर्ज लिहून देण्यावर चालत होते, त्यांच्या हातातले काम काही वर्षांत संपले. अशी घरे शहरांकडे सरकली किंवा हातगाडीवर आली.

कायद्याच्या कंसात

डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली आयोग नेमला गेला. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे त्याचे इतर सदस्य. १९५५ मध्ये अहवाल आला आणि १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा झाला. हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगणा आंध्र प्रदेशात आणि कन्नड भाग म्हैसूर राज्यात गेला.

आयोगाने हद्दी आखताना साधारणपणे जिल्हा हा घटक धरला होता. कायद्यात मात्र कात्री तालुक्याच्याही खाली, महसुली सर्कलपर्यंत गेली. मुंबई राज्यात कोणता प्रदेश येणार ते सांगणारे या कायद्याचे आठवे कलम आहे. त्यात नांदेड जिल्ह्याच्या नावापुढे एक कंस आहे. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले, तसेच मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैसा आणि कुबेर ही सर्कले वगळून, असा त्या कंसाचा अर्थ. आमचा तालुका त्या कंसात तुटला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिचकुंदा आणि जुक्कल आंध्र प्रदेशात गेले, देगलूर मुंबई राज्यात आले. बाजूचे औराद बिदर जिल्ह्याबरोबर म्हैसूर राज्यात गेले.

वाटणीचा निकष भाषा हा होता, आणि मराठी माणसाला मराठी राज्य मिळणे योग्यच होते. मी मराठीत लिहितो, या राज्याचा मला अभिमान आहे. पण ज्या घरांत दखनी बोलली जाते, त्यांना हा निकष लावला तर ती कुठली ठरतात? देगलूरचा कुरेशी बाजारात मराठी बोलतो, बिचकुंद्याचा तेलुगू बोलतो, औरादचा कन्नड आणि मराठी दोन्ही बोलतो. तिघे घरी गेले की एकच भाषा बोलतात. त्यांच्या सोयरिकी एकमेकांत होतात, कारण बिरादरी लहान आहे. सीमा आखताना हे नाते कोणत्याच रकान्यात आले नाही.

माझी दादीसुद्धा बिचकुंद्याची होती. तिचे लग्न १९५६ च्या आधी झाले, म्हणजे ती एकाच तालुक्यातल्या एका गावातून दुसऱ्या गावात आली. कोणी तिला आंध्रची म्हटले की ती म्हणायची, "हमे कहीं नै गए, सरकारच सरकी." आम्ही हसायचो. भाभीच्या दाखल्यासाठी खेटे घालताना ते वाक्य मला पुन्हा आठवले.

बिचकुंद्याचे घर त्यानंतरही एका जागी राहिले नाही. १९५६ पर्यंत नांदेड जिल्हा, मग निजामाबाद जिल्हा, ऑक्टोबर २०१६ पासून कामारेड्डी जिल्हा. आधी हैदराबाद राज्य, मग आंध्र प्रदेश, २ जून २०१४ पासून तेलंगणा. घराची भिंत मात्र हललेली नाही.

एक बिरादरी, तीन कायदे

पहिली काही वर्षे या सीमेचा जाच कोणाला झाला नाही. लग्ने होत राहिली, गुरांच्या बाजारात सगळे एकत्र येत राहिले. सरकार घरात जसजसे शिरू लागले, रेशन कार्डातून, दाखल्यातून, शिष्यवृत्तीतून, योजनेतून, तसतशी ही रेघ गडद होत गेली.

आरक्षणाचे पाहा. महाराष्ट्रात कुरेशी, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा व्यवसायावरून ओळखल्या जाणाऱ्या मुस्लिम जमाती ओबीसीत आहेत. त्यासाठी मुस्लिम ओबीसी संघटनेने मोठी चळवळ केली आणि दिलीपकुमार यांच्यासारखा माणूस तिच्या पाठीशी उभा राहिला. पण ज्याच्या कागदावर नुसते 'शेख' आहे, त्याला इथे काही नाही. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांना ५ टक्के आरक्षण दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्यातील शिक्षणापुरते आरक्षण राहू दिले. तरीही अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो संपला.

आंध्र प्रदेशाने २००७ मध्ये मागास मुस्लिम गटांना ४ टक्के दिले आणि त्या यादीत शेखही आहेत. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, पण अंतरिम आदेशावर आरक्षण सुरू राहिले आणि पुढे तेलंगणातही आले. कर्नाटकात मुस्लिमांसाठी २-ब हा ४ टक्क्यांचा वर्ग होता. २०२३ मध्ये तो काढण्याचा आदेश निघाला आणि तोही न्यायालयात अडकला. थोडक्यात, देगलूर, बिचकुंदा आणि औराद इथे राहणारे तीन शेख चुलतभाऊ तीन वेगळ्या प्रवर्गांत मोडतात, आणि त्यातला देगलूरचा कोणत्याच प्रवर्गात नाही.

लग्नाचेही तसेच. तेलंगणा सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये 'शादी मुबारक' योजना सुरू केली. गरीब मुस्लिम मुलीच्या लग्नासाठी आधी ५१,००० रुपये मिळत, २०१८ पासून १,००,११६ रुपये मिळू लागले. वधूचे वय १८ पूर्ण हवे ही अट असल्याने वयाचा पुरावा लागतो. आमच्या नात्यात दोन मावसबहिणींची लग्ने एकाच वर्षी झाली. नाक्यापलीकडच्या मुलीच्या बापाला सरकारी रक्कम मिळाली, अलीकडच्याने सावकाराकडून कर्ज काढले. दोघांची कमाई जवळपास सारखी होती.

धंद्याचेही पाहा. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती. मार्च २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तेलंगणात १९७७ चा जुना कायदा आहे. त्यात काम न करू शकणाऱ्या बैलासाठी प्रमाणपत्र घेऊन परवानगीची वाट आहे. कर्नाटकाने २०२० मध्ये स्वतःचा कडक कायदा केला. या प्रश्नावर लोकांच्या भावना आहेत, त्या मी नाकारत नाही. पण अब्बांचा पिढीजात धंदा एका महिन्यात गुन्हा झाला, आणि नाक्यापलीकडच्या मामूंचा तोच धंदा परवान्यावर चालू राहिला. अब्बांनी कोंबडीचे दुकान टाकले. लाल कंधारी आणि देवणी बैल पाळणारे शेतकरीही तेव्हा त्रासले, कारण म्हाताऱ्या बैलाच्या पैशात थोडी भर घालून नवा बैल घेण्याची रीत मोडली. बहुतेक शेतकरी हिंदू होते, हे इथे नोंदवले पाहिजे.

सीमेची ही तक्रार फक्त मुस्लिमांची नाही. तेलंगणात २०१८ मध्ये 'रयतू बंधू' योजना आली आणि शेतकऱ्याला एका हंगामात एकरी ४,००० रुपये मिळू लागले. तेव्हा आमच्या जिल्ह्यातील धर्माबाद भागातील गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली होती. तिथले लोक मराठीच बोलतात.

भाभीचे काय?

सीमा पुन्हा आखावी असे मी म्हणत नाही. प्रत्येक राज्याने आपली यादी करावी, आपली योजना आखावी, हे संघराज्यात होणारच. माझा मुद्दा लहान आहे. या सगळ्या नियमांत जी व्यक्ती सीमा ओलांडते ती बहुतेक वेळा बाई असते. पुरुष आपल्या गावातच राहतो, त्याचे कागद तिथेच असतात. मुलांना बापाची जात आणि बापाचे कागद मिळतात. मधल्या मध्ये बाई उरते. माहेरचे राज्य म्हणते तू गेलीस, सासरचे राज्य म्हणते तुझे आजोबा इथले नव्हते. भाभीने शेवटी खुल्या प्रवर्गातून अर्ज भरला. काही गुणांनी तिची संधी गेली. आता ती घरी शिकवण्या घेते.

१९५६ च्या कायद्याने जी सर्कले तोडली, तिथल्या कुटुंबांपुरता तरी एक अपवाद करता येईल. ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी जे आजोबा देगलूर तालुक्यात, नांदेड जिल्ह्यात राहत होते, त्यांची नात पुन्हा देगलूरला लग्न होऊन आली आणि तिची जमात दोन्ही राज्यांच्या यादीत असली, तर तिला बाहेरची समजू नये. यासाठी एक शासन निर्णय पुरेल.

२ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटियरला आधार मानून मराठवाड्यातील कुणबी दाखल्यांसाठी शासन निर्णय काढला. त्याच्या आधीपासूनच निजामकालीन दफ्तरे उघडली जात होती आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू होता. निजामकाळातला कागद आजच्या हक्कासाठी पुरावा होऊ शकतो, हे सरकारने मान्य केले आहे. मग भाभीच्या आजोबांचा उताराही त्याच दफ्तरातला आहे.

आपल्या लोकांना एवढेच सांगणे आहे. माळ्यावरच्या पेटीत उर्दू कागद असतील तर ते रद्दीत घालू नका. खासरा पाहणीचा उतारा, शाळेच्या रजिस्टरची नक्कल, जुना निकाहनामा, जे असेल ते जपा. वाचता येत नसेल तर मोहल्ल्यातल्या एखाद्या बुजुर्गाकडून वाचून घ्या आणि मराठीत लिहून ठेवा. मुलीच्या लग्नात तिच्या सामानासोबत तिच्या आजोबांच्या कागदांची एक नक्कलही द्या.

भाभीचा उतारा आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला आहे. तिची मुलगी आता पाचवीत आहे. पुढे कधी तिचे लग्न बिचकुंद्याला ठरले तर तिलाही हाच प्रश्न विचारला जाईल, फक्त उलट्या बाजूने.