इंग्रजी वाक्यातील पदक्रम

इंग्रजीच्या साध्या विधानात कर्ता, क्रियापद, कर्म असा क्रम असतो. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते. पालघर जिल्ह्यात बोईसरजवळच्या सरावली परिसरात कानावर पडणाऱ्या मराठी, वारली, गुजराती आणि हिंदी या सर्वांची मूळ घडण हीच आहे. त्यामुळे इथल्या मुलाला घरात वा बाजारात न भेटलेला क्रम इंग्रजीच्या तासालाच प्रथम भेटतो. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते, म्हणून हा फरक शिक्षकाने आरंभीच उलगडून दाखवणे अगत्याचे आहे.

‘वाघाने कुत्र्याला मारले’ आणि ‘कुत्र्याला वाघाने मारले’ यांचा अर्थ एकच. कोणी कोणाला मारले हे प्रत्यय सांगतात. ‘द टायगर किल्ड द डॉग’ मधील नामांची अदलाबदल केली, तर मरणारा वाघ ठरतो. प्राचीन इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय होते आणि पदक्रम बराच मोकळा होता. मध्ययुगात ते प्रत्यय झिजले व अर्थाचा भार जागेवर आला. ‘ही’ व ‘हिम’ यांसारख्या सर्वनामांत जुना भेद अजून टिकून आहे.

क्रमाचा फरक इतरत्रही दिसतो. ‘बोईसरला’ मधला ‘ला’ नामामागून येतो, ‘टू बोईसर’ मधला ‘टू’ नामाआधी. प्रश्न करताना मराठीला शेवटी ‘का’ पुरतो. इंग्रजीत साहाय्यक क्रियापद कर्त्याआधी जाते, आणि ते नसेल तर सहसा ‘डू’ आणावे लागते : ‘डझ ही लिव्ह हिअर?’ विशेषण मात्र दोन्हीकडे नामाआधीच येते. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ या पुस्तकमालेने अनेक मराठी पिढ्यांकडून इंग्रजीची ही रचना वाक्यांच्या भाषांतरातून घोटून घेतली.