धुऱ्यापाशी थांबलेले रस्ते

आबाजी पत्ता सांगताना चौकाचं नाव घेत नसत, झाडाचं घेत. "निंबापासून पांदणीनं जाय, मंग चिंच लागते." गाव होतंच तेवढं; १९०१ च्या शिरगणतीत यवतमाळची वस्ती होती १०,५४५. कापूस बंड्यांत भरून २९ मैलांवरच्या धामणगाव स्टेशनावर जायचा. आबाजींचे वडील त्या बंड्यांसोबत जात म्हणे. शिदोरीला ज्वारीच्या भाकरी अन् ठेचा. रात्रीच्या मुक्कामाचं गाव आजी एक सांगायची, आबाजी दुसरं. माझ्या ध्यानात दोन्ही राहिली नाहीत. १९०५ साली वणी जिल्ह्याला यवतमाळचं नाव मिळालं, पुढं मूर्तिजापूरहून शकुंतला रेल्वे आली. आमच्या घरात मात्र काळ मोजायचे तो 'गाडी यायच्या आधी' अन् 'गाडी आल्यावर' असा.

आजीच्या लेखी यवतमाळजवळचं लोहारा म्हणजे जंगलच. १९३० च्या जुलैत पुसदला बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला. त्याच महिन्यात लोहाऱ्याच्या जंगलातही झाला; डॉ. हेडगेवारांना अटक झाली ती तिथंच. आजी तेव्हा परकरात होती. तिला आठवायचे ते गर्दीत कुणीतरी ओंजळीत टाकलेले फुटाणे. आता त्या लोहाऱ्यात एमआयडीसी आहे.

लहानपणी आम्ही शाळेत बोळाबोळांनी जायचो. एका बोळीत कुणाशी भांडण झालेलं असलं, तर दुसरीनं. हरेक बोळ कुठंतरी निघायचीच. वाटेत कुणाच्या ओट्यावर हातावर गुळाचा खडाही पडायचा.

मग दारव्हा, आर्णी, धामणगाव, पांढरकवडा अशा रस्त्यांना धरून शहर बाहेर निघालं. २०११ ला १,१६,५५१ माणसं मोजली, अन् त्यात लोहारा, वाघापूर, उमरसरा धरलेच नव्हते. एकेका वावराचं लेआउट पडलं. मालकानं आपल्या वावरापुरता रस्ता आखला अन् धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, थांबवला. शेजारचं वावर दहा वर्षांनी विकलं गेलं, त्याचे रस्ते भलतीकडे तोंड करून. वरून पाहिलं तर मला अजून वावरंच दिसतात, फक्त तुरीच्या जागी घरं. पांदण कुणा एकाची नव्हती. ज्याची बंडी येईल त्याला वाट द्यावीच लागे. तीच नेमकी गेली. म्हणून आता शेजारच्या लेआउटात जायचं तरी आधी मोठ्या रस्त्यावर यावं लागतं. सगळेच तिथं येतात, मग गर्दी होणारच. फार जीव तुटतो, कारण वावर विकताना दहा हातांची वाट सोडली असती तरी भागलं असतं.

आत्याचं अन् काकूचं घर पाठीला पाठ लावून आहे. मधे धुऱ्यावर बांधलेली भिंत. दारातून निघालं तर आर्णी रोडला वळसा घालून स्कूटरनं दहा मिनिटं. आत्याची सून म्हणते, मी सोडते. आत्या म्हणते, "पन्नास पावलांसाठी गाडी कायले वं?"

पातोडीची भाजी केली की ती मागच्या अंगणात दोन विटा मांडते, त्यांवर उभी राहते अन् झाकलेला गंज भिंतीवरून पलीकडं धरते.

"वयनी, दोन्ही हातांनी धरजो वं. रस्सा सांडते."