अकोले तालुका

अहिल्यानगर (२०२४ पूर्वी अहमदनगर) जिल्ह्याचा वायव्येकडील डोंगराळ तालुका. लोकसंख्या सुमारे २.९२ लाख (२०११). पैकी जवळजवळ निम्मी अनुसूचित जमातींची, मुख्यतः महादेव कोळी व ठाकर. घाटमाथ्यालगतच्या पश्चिम भागास ‘डांग’ म्हणतात. तेथील घाटघर ‘नगरचे चेरापुंजी’ म्हणून ओळखले जाते. पूर्व भाग मात्र पर्जन्यछायेत मोडतो. प्रवरा रतनगडावर, तर मुळा हरिश्चंद्रगडावर उगम पावते.

राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) नाशिकच्या सीमेवर आहे. पायथ्याचे गाव बारी. दंतकथेनुसार कळसू ही कोळ्याची पोर. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, या अटीवर ती एका घरी कामाला राहिली. एकदा पाहुणे फार झाले, अट मोडली गेली. तिने निमूट भांडी घासली आणि डोंगर गाठला, तो कायमचाच. नवरात्रात शिखरावर यात्रा भरते.

तालुक्यातील सर्वांत महत्त्वाचे स्थळ हरिश्चंद्रगड. तारामती, रोहिदास व हरिश्चंद्र ही त्याची शिखरे. हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर, भोवतीच्या गुहा व पुष्करणी पाहण्यासारखी आहेत. चांगदेवांनी येथे तप केले व ‘तत्त्वसार’ रचला, असे मानतात. जवळच केदारेश्वराचे लेणे आहे. त्यातील भव्य शिवलिंग कमरेएवढ्या थंडगार पाण्यात उभे असून भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. पश्चिमेस अंतर्वक्र कोकणकडा. येथून कर्नल साइक्स यांना वर्तुळाकार इंद्रधनुष्य (इंद्रवज्र) दिसले. गडावर दुर्गबांधकाम थोडेच उरले आहे. तटबुरुजांची हौस असलेल्याने रतनगडावर जावे. त्याच्या पायथ्याचे, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिरही शिल्पसमृद्ध आहे.

देवगाव हे राघोजी भांगरे यांचे गाव. इंग्रजांविरुद्ध बंड केल्याबद्दल त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी मुख्यतः खालच्या ऊसपट्ट्यास मिळते. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य (१९८६) ३६१.७१ चौ. किमी. आहे.

भात, नागली, वरई व खुरासणी ही डांगातील पिके, पूर्वेस ऊस. अकोल्यास साखर कारखाना आहे. येथील डांगी गुरांची कातडी तेलकट व खूर काळे, टणक असल्याने ती मुसळधार पावसातही चिखलणीला टिकतात. राजूर येथे त्यांचे प्रदर्शन भरते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनाबद्दल पद्मश्री (२०२०) मिळाली.