एका मुलाचे शुद्धलेखन आणि एका विद्याशाखेचा जन्म

परीक्षांचे निकाल लागले की रविवारच्या मिस्सानंतर पालक आमच्याकडे येतात. "फादर, मुलीला मानसशास्त्रात पुढे शिकायचे आहे. शाळेतल्या मुलांसाठी काम करायची इच्छा आहे. एम.ए. पुरे होईल, की डॉक्टरेट करावी? भाऊ अमेरिकेत आहे, तिकडे पाठवावे काय?" या प्रश्नांचे उत्तर शोधताना आम्ही या पदव्यांच्या इतिहासात शिरलो. तेव्हा ध्यानात आले की हा सारा पसारा एका मुलापासून सुरू झाला आहे.

जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली आणि जगभरातून विद्यार्थी तिकडे जाऊ लागले. त्यांत एक कॅथलिक धर्मगुरूही होते. फादर एडवर्ड पेस यांनी १८९१ मध्ये तेथे डॉक्टरेट मिळवली आणि वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात प्रयोगशाळा उभारली. आत्म्याविषयी तत्त्वज्ञान शिकवणारे धर्मगुरू मनाची मोजमापे घेऊ लागले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढल्याच वर्षी लाइपझिगहून डॉक्टरेट घेऊन परतणारा दुसरा अमेरिकन तरुण म्हणजे लाइटनर विटमर.

१८९६ साली मार्गारेट मॅग्वायर नावाच्या शिक्षिकेने पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात विटमर यांच्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा आणला. मुलगा हुशार होता, परंतु त्याला शुद्धलेखन काही केल्या जमत नव्हते. मानसशास्त्राला काही मोल असेल तर ते अशा मुलाच्या उपयोगी पडले पाहिजे, अशी या शिक्षिकेची साधी अपेक्षा होती. विटमर यांनी मुलाची तपासणी केली, तेव्हा दृष्टिदोष आढळला. त्याला चष्मा दिला गेला. मात्र चष्म्याने सारे भागले नाही. त्यानंतर चिकाटीने शिकवणीही द्यावी लागली. मुलगा सुधारला, पण अडचण समूळ गेली नाही. याच वर्षी विटमर यांनी विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. १९०७ मध्ये त्यांनी या कार्याला वाहिलेले नियतकालिक काढून 'चिकित्सात्मक मानसशास्त्र' या नव्या व्यवसायाची मांडणी केली. १९१५ साली कनेटिकट राज्याने अर्नोल्ड गेझेल यांची नेमणूक केली. 'शालेय मानसशास्त्रज्ञ' हे पद धारण करणारे ते पहिले गृहस्थ मानले जातात.

काम वाढले, तसा या माणसांनी किती शिकावे हा वाद उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ साली कोलोरॅडोतील बोल्डर येथे परिषद भरली. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ हा संशोधकही असला पाहिजे आणि त्यासाठी डॉक्टरेट हवी, असा तिचा कौल होता. शाळांसाठी १९५४ साली न्यूयॉर्क राज्यात वेस्ट पॉइंटच्या थायर हॉटेलात निराळी परिषद झाली. तिने दोन पायऱ्या सुचवल्या: वरच्या पायरीवर डॉक्टरेट घेतलेला मानसशास्त्रज्ञ आणि खालच्या पायरीवर पदवीनंतर दोन वर्षे शिकलेला परीक्षक. १९७३ च्या व्हेल परिषदेने आणखी एक वाट मान्य केली. संशोधनापेक्षा प्रत्यक्ष उपचारावर भर देणारी ही पदवी म्हणजे साय.डी.; पीएच.डी. ही संशोधकाची पदवी राहिली.

परंतु शाळांना इतके डॉक्टर मिळणार कोठून? १९७५ च्या अमेरिकन कायद्याने अपंग मुलांना सार्वजनिक शाळेत मोफत व योग्य शिक्षणाचा हक्क दिला आणि तपासणी करणाऱ्या जाणकारांची मागणी एकाएकी वाढली. १९६९ साली स्थापन झालेल्या शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने मधली वाट उचलून धरली. तिला 'स्पेशालिस्ट' पातळी म्हणतात. पदवीनंतर किमान ६० क्रेडिटचा अभ्यास आणि १,२०० तासांचे पर्यवेक्षित काम, त्यातील निदान ६०० तास शाळेत. पूर्णवेळ शिकणाऱ्याला यास साधारणतः तीन वर्षे लागतात. अमेरिकेत शाळेत काम करायचे असेल तर बहुतेक राज्यांत ही पातळी चालते. स्वतंत्र व्यवसाय थाटायचा किंवा विद्यापीठात शिकवायचे, तर सहसा डॉक्टरेट लागते. नुसती मानसशास्त्राची एम.ए. मात्र तेथे परवान्याला पुरत नाही, हे अनेक घरांना उशिरा कळते.

आपल्याकडचा प्रवास निराळा आहे. कोलकाता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय उघडले, तेच आजचे टाटा समाजविज्ञान संस्थान. दुसऱ्याच वर्षी त्याने बालमार्गदर्शन केंद्र चालू केले. बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने १९५० च्या दशकात चिकित्सक मानसशास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणाचा पाया घातला. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सक मानसशास्त्रज्ञाला नोंदणी आवश्यक केली. म्हणजे येथेही एम.ए. ही पहिली पायरी ठरली. रुग्णावर उपचार करायचे तर परिषदेने मान्य केलेले पुढील प्रशिक्षण हवे. शालेय समुपदेशनाची वाट याहून वेगळी आहे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची? पर्यवेक्षकाच्या हाताखाली किती तास काम मिळेल? आणि ही पदवी कोणत्या कामाचा अधिकार देते? फीचा प्रश्न त्यानंतरचा.

एक कबुली दिल्यावाचून हा लेख संपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सेमिनरीत आम्ही मनाविषयी पुष्कळ वाचले होते. तरीही धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलास आम्ही वर्षभर आळशी समजत होतो. हाक मारली तरी तो मान वर करीत नसे. आम्ही त्याला सर्वांदेखत रागावलो. त्याला एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, हे त्याच्या आजीने आम्हांस सांगितले. आम्ही त्याला पहिल्या बाकावर बसवले आणि त्याची क्षमा मागितली. आमच्याकडे विद्या होती. तपासून पाहण्याची सवय नव्हती.

ही सवय लावणे, हेच त्या साठ क्रेडिटांचे आणि बाराशे तासांचे काम आहे. मुलावर शिक्का मारायला दोन मिनिटे पुरतात; कारण शोधायला वर्षांची तयारी लागते. तेव्हा लेक या वाटेने जाऊ म्हणत असेल, तर पालकांनी वर्षे मोजून कचरू नये. आमच्या वर्गातला तो मुलगा अशा शिकलेल्या माणसाच्या हाती लागला असता, तर त्याचे एक वर्ष आमच्या रागात गेले नसते.