रोजचा ताण आणि त्याचे नियोजन

ताणतणाव म्हटला की मोठे आघातच डोळ्यांसमोर येतात. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये मांडलेल्या ताणाच्या मोजपट्टीतही जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणे अशा ४३ जीवनघटनांना गुण दिलेले होते. मात्र रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये वेगळाच निष्कर्ष मांडला. मानसिक तक्रारींचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या किरकोळ कटकटींवरून अधिक चांगला बांधता येतो, असे त्यांना आढळले.

याचे कारण शरीराच्या कार्यपद्धतीत सापडते. संकटाची चाहूल लागताच अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात. नाडी जलद होते, रक्तातील साखर वाढते, स्नायू ताठरतात. लढणे किंवा पळणे यासाठीची ही सिद्धता असते व संकट टळताच शरीर पूर्ववत होते. शहरी दिनक्रमात मात्र लोकल चुकते, पाठोपाठ साहेबांचा फोन येतो, संध्याकाळी मुलाच्या शाळेची सूचना येते. प्रत्येक प्रसंग क्षुल्लक असला, तरी दोन प्रसंगांमध्ये शरीराला सावरायला उसंत मिळत नाही. मग झोप उडते, डोके दुखते, पित्त वाढते आणि घरात विनाकारण खटके उडतात.

ताण हाताळण्याचे दोन मार्ग लाझारस व सुसान फोकमन यांनी १९८४ मध्ये विशद केले. पहिला, समस्येवरच उपाय करणे; दुसरा, समस्येमुळे उसळलेल्या भावना शांत करणे. कोणत्या वेळी कोणता मार्ग निवडावा, यातच खरे कौशल्य आहे. घरातील वृद्धांचे आजारपण टाळता येत नाही. परंतु तपासण्यांच्या तारखा लिहून ठेवणे, भावंडांत कामे वाटून घेणे हाती असते. गाड्यांची गर्दी कमी करता येत नाही. तिच्यावर चिडून केवळ शक्ती खर्च होते. अशा वेळी श्वास संथपणे, विशेषतः उच्छ्वास लांबवून घेतल्यास हृदयाची गती मंदावते. नियमित चालणे, ठरावीक वेळी झोपणे आणि विश्वासू व्यक्तीजवळ मन मोकळे करणे यांचाही उपयोग होतो. तंबाखू व मद्य यांनी क्षणभर बरे वाटते, पण मूळ प्रश्न तसाच राहून त्यात व्यसनाची भर पडते.

उदासी, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तो निव्वळ ताण समजू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आत्महत्येचे विचार मनात येत असतील, तर क्षणाचाही विलंब नको. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते. मराठीतूनही बोलता येते. असा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. रक्तदाब वाढल्यावर डॉक्टरांकडे जाताना कोणी संकोच करीत नाही. मनाच्या बाबतीतही तो नसावा.