कल्याणचें बंदर आणि हिरादोचें बेट

बदलापुराहून कल्याणकडे येणाऱ्या आगगाडींत बसलेल्या प्रवाशास समुद्राची आठवण होण्याचें कांहींच कारण नसतें. अंबरनाथ मागें पडतें, उल्हासनगर येतें, विठ्ठलवाडी येते, आणि रुळांचें विस्तीर्ण जाळें पसरलेलें कल्याणचें स्थानक लागतें. परंतु या लोहमार्गाच्या कोठें जवळून, कोठें दूरून उल्हास नदी त्याच दिशेनें वाहत असते. खंडाळ्याच्या घाटमाथ्यालगतच्या दऱ्यांतून निघून ती बदलापुरावरून खालीं येते, कल्याणपाशीं खाडीचें रूप घेते आणि वसईजवळ समुद्रास मिळते. बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर हीं तिन्ही गांवें ज्या खोऱ्यांत वसलीं आहेत, त्या खोऱ्याचें दार म्हणजे कल्याणची खाडी. या दारांतून एके काळीं मिसर देशाहून निघालेलीं जहाजें आंत येत असत. तें दार उघडलें कोणी आणि लावलें कोणी, हा इतिहास मनोरंजक आहे. आणि तो समजून घेण्यास जपानच्या एका लहानशा बेटाची थोडी मदत होते.

ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत मिसर देशांत राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्यानें आपल्या धंद्यांतील लोकांसाठीं समुद्रप्रवासाची एक वही लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नांवानें ती विद्वानांत प्रसिद्ध आहे. तिच्या कर्त्याचें नांव मागें उरलेलें नाहीं. पण तो डोळे उघडे ठेवून बंदरोबंदर हिंडलेला मनुष्य असावा, हें त्याच्या लिहिण्यावरून सहज दिसतें. कोणत्या पेठेंत कोणता माल खपतो, कोठें वाळूचे दांडे आहेत, कोठला राजा परक्यांना कसा वागवितो, एवढेंच तो सांगतो. भडोच, म्हणजे त्याच्या भाषेंतील 'बारिगाझा', सोडून दक्षिणेकडे येतांना तो सोपारा आणि कल्याण यांचा उल्लेख करतो. कल्याणविषयींचीं त्याचीं वाक्यें फार थोडीं आहेत, पण तीं सावकाश वाचण्यासारखीं आहेत. थोरला सारगन राज्य करीत होता तेव्हां कल्याण ही रीतसर मान्यता असलेली पेठ होती. पुढें तें नगर सांदनेस नांवाच्या पुरुषाच्या हातीं गेलें आणि बंदराचा मार्ग अडला. आतां एखादें ग्रीक जहाज योगायोगानें तेथें शिरलें, तर त्यास पहाऱ्यांत भडोचला नेण्यांत येतें.

सारगन म्हणजे सातवाहन कुळांतील कोणी सातकर्णि, याविषयीं फारसा मतभेद नाहीं. सांदनेस कोण, यावर मात्र पंडितांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. तो कोणीही असो; परक्या जहाजांस हांकून ज्या भडोचला नेलें जाई, तेथें त्या वेळीं क्षत्रप नहपानाचा अंमल होता, आणि क्षत्रप व सातवाहन यांचें वैर सर्वश्रुत आहे. मग या आज्ञेचा अर्थ उघड होतो. कल्याणची खाडी गाळानें भरली नव्हती, वारा फिरला नव्हता, घाटावरचा माल संपला नव्हता. सातवाहनांच्या तिजोरींत जाणारी जकात तोडावयाची, यासाठीं बंदर बंद झालें.

या एका आज्ञेनें काय उलथापालथ झाली असेल, याची कल्पना त्याच वहींतील दुसऱ्या एका नोंदीवरून येते. पैठण हें भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेथून पूर्वेस आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचें तेर. पैठणचा गोमेदासारखा रंगीत दगड आणि तगरचें कापड गाड्यांवर लादून, जेथें नीट रस्तेही नाहींत अशा मुलखांतून भडोचला आणलें जाई. वास्तविक पैठणच्या मालास जुन्नर गांठून नाणेघाट उतरला कीं मुरबाडवरून कल्याणची खाडी जवळ होती. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, शिलालेख आहे, आणि वाटेच्या कडेस कोरलेला एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें म्हणतात. घाट फोडून, लेणें कोरून, जकातीची सोय करून जी वाट राजकुलानें सिद्ध केली, तिचें खालचें टोंकच दुसऱ्यानें दाबून धरलें. बैलांना वीस दिवस चालावें लागलें तें त्यामुळें. कल्याणचे लोक कांहीं लहानसहान नव्हते. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या, सोनाराच्या, लोहाराच्या दानांचे लेख आहेत. कोणी पाण्याचें टाकें दिलें, कोणी पायवाट बांधून दिली. बंदर उघडें असलें कीं लोहाराच्या हातींही दान देण्याइतका पैसा खेळतो.

आतां जपानकडे वळावयाचें तें याच पहाऱ्यांतल्या जहाजासाठीं. क्यूशू बेटाच्या वायव्येस हिरादो नांवाचें एक बेट आहे. तेथील मात्सुरा घराण्याच्या सरदारांनीं परक्यांच्या व्यापारावर आपलें वैभव उभारलें. १५५० मध्यें पहिलें पोर्तुगीज जहाज तेथें आलें. १६०९ मध्यें डच लोकांनीं वखार घातली, १६१३ मध्यें इंग्रजांनीं घातली. इंग्रजांस ती परवडली नाहीं म्हणून दहा वर्षांनीं त्यांनीं ती मोडली. डच मात्र टिकले, आणि १६३९ मध्यें त्यांनीं एक मोठें दगडी कोठार बांधून त्याच्या भिंतीवर तें साल कोरलें. तें साल ख्रिस्ती शकाचें होतें. ख्रिस्ती धर्माचा नायनाट करण्यास निघालेल्या शोगुनच्या सरकारास तेवढें निमित्त पुरलें. १६४० मध्यें कोठार पाडण्याची आज्ञा झाली. डचांनीं हूं कीं चूं न करितां आपल्याच हातांनीं तें पाडलें, आणि दुसऱ्या वर्षीं त्यांस हिरादोहून उचलून नागासाकीस नेण्यांत आलें.

नागासाकींत त्यांच्यासाठीं जागा तयारच होती. समुद्रांत भर घालून पंख्याच्या आकाराचें देजिमा हें इवलेंसें बेट १६३६ मध्यें पोर्तुगीजांना कोंडण्याकरितां पुरें करण्यांत आलें होतें. १६३९ मध्यें पोर्तुगीजांना देशांतूनच घालवून दिल्यामुळें तें रिकामें पडलें होतें. एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत दीड-दोनशें पावलें चाललें कीं तें बेट संपे. एक पूल, पुलावर पहारा, आणि आंत डच व्यापारी. दोनशेंहून अधिक वर्षें यूरोपशीं जपानचा व्यापार त्या एका पुलावरून चालला. तेथलें तांबें डच जहाजांतून आपल्या सुरतेच्या बाजारापर्यंत येत असे. हिरादोचें मात्र जें गेलें तें गेलें. ज्या कोठाराच्या भिंतीवर साल कोरल्याचा एवढा अनर्थ झाला, तें जुन्या नोंदींच्या आधारें पुन्हां बांधून २०११ मध्यें लोकांस पाहावयास खुलें झालें आहे.

शोगुनचा पहारा आणि सांदनेसचा पहारा यांत सोळाशें वर्षांचें अंतर आहे, तरी दोघांची रीत एकच. परका व्यापार नको असें दोघांपैकीं कोणीच म्हटलें नाहीं. तो हवा, पण आपल्या नजरेखालच्या बंदरांत हवा. फरक इतकाच कीं कल्याणचें नशीब पुन्हां एकदां उघडलें. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानें, जो पुढें साधु झाला, हिंदुस्थानच्या मुख्य पेठांत कल्याणची गणना केली आहे. तेथून पितळ, शिसवी लांकूड आणि कापड परदेशीं जातें असें तो सांगतो. शिवाय तेथें ख्रिस्ती मंडळी असून त्यांचा बिशप इराणांतून नेमून येतो, असेंही तो नमूद करतो. हें वाचून कित्येकांस नवल वाटेल; पण खाडीकांठच्या पेठेंत परक्यांची वस्ती असावी आणि तिनें आपला देव बरोबर आणावा, हें सर्व देशांत घडत आलें आहे. पुढें शिलाहारांनीं ठाण्यास राजधानी करून हा मुलूख संपन्न केला. वालधुनी नदीच्या कांठीं अंबरनाथचें जें शिवालय आहे, त्यांतील लेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ आहे. काळ्या दगडाचा चिरा न् चिरा ज्या कौशल्यानें घडविला आहे तें पाहिलें म्हणजे या खोऱ्यांत त्या वेळीं पैसा आणि कारागीर या दोहोंचीही वाण नव्हती, याविषयीं शंका उरत नाहीं.

त्यानंतर दाराची किल्ली पुन्हां परक्याच्या हातीं गेली, आणि या खेपेस ती दोनशें वर्षें परत आली नाहीं. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. वसई म्हणजे उल्हास नदीचें तोंड. कल्याणांत राज्य कोणाचेंही असो, तेथून निघालेल्या गलबतास समुद्र गांठावयाचा तर पोर्तुगीजांच्या तोफांखालून जाणें भाग झालें, आणि पोर्तुगीजांचा परवाना जवळ नसला तर समुद्रावर धडगत नव्हती. गंमत अशी कीं याच काळांत वसईहून जपानपर्यंत वाट मोकळी झाली होती. गोन्सालो गार्सिया हा वसईंत जन्मलेला, पोर्तुगीज पित्याचा आणि इथल्याच मातीच्या आईचा मुलगा, जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानास गेला, तेथली भाषा शिकला, कांहीं काळ व्यापारांत पडला, पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन पंथांत शिरला आणि दुभाषी म्हणून पुन्हां जपानांत आला. १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस नागासाकी येथें ज्या सव्वीस जणांस क्रुसावर चढविण्यांत आलें, त्यांत तो होता. १८६२ मध्यें रोमच्या धर्मपीठानें त्यास संतपद दिलें. वसईचा मुलगा नागासाकीपर्यंत पोंचला; कल्याणचें गलबत मात्र वसईच्या पुढें जाऊं शकेना.

हें दुखणें कोणी नेमकें ओळखलें असेल तर तें शिवाजी महाराजांनीं. १६५७ च्या ऑक्टोबरांत कल्याण-भिवंडी हातीं येतांच त्यांनीं या खाडींत लढाऊ गलबतें बांधण्यास आरंभ केला. जहाजबांधणीचें काम रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज माणसाकडे होतें आणि त्याच्या हाताखालीं सुमारें ३४० माणसें राबत होतीं. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारास या बातमीनें झोंप येईना. हीं गलबतें खाडीबाहेर समुद्रांत येऊं देऊं नयेत, असे हुकूम १६५९ मध्यें सुटले. आणि वसईच्या अधिकाऱ्यांनीं फूस लावल्यामुळें तो व्हिएगस आपल्या माणसांसह काम टाकून निघून गेला. सांदनेसानें आंत येणारें जहाज अडविलें, पोर्तुगीजांनीं बाहेर जाणारें. तथापि सुतार गेले म्हणून काम थांबलें नाहीं. मराठ्यांचें आरमार उभें राहिलें, तें इथल्याच कोळी-भंडाऱ्यांच्या हिंमतीवर. परंतु त्याचीं मुख्य ठाणीं कल्याणास न होतां कुलाबा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग अशीं उघड्या समुद्रावर झालीं, यांतच सर्व कांहीं आलें.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, आणि नदीच्या उगमापासून मुखापर्यंतचें पाणी एका सत्तेखालीं आलें. पण तोंवर व्यापार मुंबईस निघून गेला होता. शिवाय १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेऊन साष्टी बळकावली. अवघीं पस्तीस वर्षें काय तीं मिळालीं. पुढची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. १८५३ मध्यें बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवली, १८५४ च्या मे महिन्यांत ती कल्याणास पोंचली, आणि पुढें येथूनच एक फांटा बदलापुरावरून बोरघाटाकडे व दुसरा थळघाटाकडे फुटला. जुन्या बैलवाटांचें टोंक जेथें होतें, तेथेंच लोखंडी वाटांचें टोंक झालें. केवळ तारवांऐवजीं वाघिणी आल्या. बदलापुरास घोडे बदलीत म्हणून तें नांव पडलें, असें लोक सांगतात. ती व्युत्पत्ति खरी असो वा नसो, गांव वाटेवरचें होतें एवढें तिच्यावरून कळतें. अंबरनाथास आगपेट्यांचा स्वीडिश कारखाना निघाला, तोही परदेशी मालाच्या दारावर बसलेल्या एका पहाऱ्यामुळेंच. १९२२ पर्यंत मुंबईच्या बाजारांत जपानी आगपेट्यांची रेलचेल होती. त्या वर्षीं जबर जकात बसली, आणि बाहेरून पेटी आणण्यापेक्षां येथेंच काडी करणें फायद्याचें झालें.

दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. युद्ध संपलें, बराकी ओस पडल्या, आणि १९४७ च्या फाळणीनंतर त्यांत सिंधमधून आलेलीं माणसें उतरलीं. पाहतां पाहतां त्यांची संख्या लाखाच्या घरांत गेली. यांतील पुष्कळ जण कराची बंदरावरून बोटीनें मुंबईस आले होते. सिंधच्या हैदराबादेचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या देशोदेशीं पेढ्या चालवीत आले होते. कैरो, सिंगापूर, हाँगकाँग येथें त्यांचीं दुकानें होतीं, तशीं जपानांत योकोहामा आणि कोबे येथेंही होतीं. १९२३ च्या भूकंपानें योकोहामा धुळीस मिळालें तेव्हां त्यांतले अनेक कोबेस गेले. आणि त्या आपत्तींत नगरवासीयांनीं केलेल्या साहाय्याची आठवण म्हणून हिंदी व्यापाऱ्यांनीं योकोहामाच्या समुद्रकांठच्या बागेंत उभारलेलें कारंजें आजही आहे. छावणींत आलेले सारेच कांहीं असे पेढीवाले नव्हते. शिक्षक, कारकून, शेतकरी, लहान दुकानदार असे सर्व प्रकारचे लोक होते. परंतु परमुलखांत पाल टाकून व्यापार कसा करावा हें ज्यांच्या घरांत जाणतें होतें, अशा समाजाचें बंदर एका रेघेनें तुटलें, आणि तो येऊन राहिला तो ज्याचा समुद्र कधींच तुटला होता अशा बंदराच्या शेजारीं. बराकींच्या मधल्या पडद्यांआड संसार मांडले गेले. पापड, लोणचीं, शिवणकाम यांपासून सुरुवात झाली. गाडीच्या डब्यांतून फिरून माल विकणाऱ्यांवर लोक हंसलेही.

१९४९ च्या ऑगस्टच्या ८ तारखेस गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली आणि छावणीला नदीचें नांव मिळालें, उल्हासनगर. लोकांच्या तोंडीं मात्र अजून कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर पांच असेच पत्ते असतात. तेथून खाडी फार दूर नाहीं. दुर्गाडीच्या किल्ल्याशेजारच्या पुलावरून भिवंडीकडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग लागलेली असते, आणि वसईकडून येणारें भरतीचें पाणी दिवसांतून दोनदां त्या पुलाखालून आंत चढतें.